दीपगृहाला जाण्याची पूर्वतयारी

१२ मे, सकाळी ११

हॉटेलात पोचलो. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यानिमित्त पाच दिवस समुद्र. खोली अकराव्या मजल्यावर दिली होती, ती बदलून पहिल्या मजल्यावर घेतली. हिला उंचीची भीती वाटेल म्हणून. ही म्हणाली, मला कधी वाटली उंचीची भीती? बायका बोलून दाखवत नाहीत.

आता खिडकीतून समुद्राऐवजी किचनचा एक्झॉस्ट फॅन दिसतो. पण आग लागली तर उडी मारता येईल. विमा कंपनीच्या क्लेम विभागात एकवीस वर्षं काढली की नजर तयार होते. लोकांना बाल्कनी दिसते, मला फाइल दिसते.

संध्याकाळी ६

प्रोग्रॅम ठरला. मत्स्यालय, म्युझियम, दीपगृह. दीपगृह खडकावर आहे, किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर. ओहोटीला दगडी वाट उघडी पडते, भरतीला पाण्याखाली जाते. ही शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं फळ्यावर भरती-ओहोटी काढली, पण अशी वाट कधी पाहिली नाही. हिला फक्त तेवढंच बघायचंय. नेणार म्हणजे नेणार. १४ तारखेला दीपगृह. लेखी नोंद करून ठेवतो.

१३ मे

मत्स्यालयाच्या काचेला तडा होता. ही म्हणाली, शेवाळाचा डाग आहे. मी बाहेर बाकावर बसलो. पिशवी सांभाळायला कोणीतरी हवंच होतं.

म्युझियम. लाकडी जिना, त्यामुळे वरचा मजला ही एकटीच बघून आली. छान आहे म्हणाली. मी तोवर खाली बाहेर पडायचे दरवाजे मोजले. चार. एकाला कुलूप. तक्रार नोंदवली.

१४ मे

दीपगृह रद्द. आकाशात ढग होते. (एक होता.) ही दुपारभर काहीच बोलली नाही. दोघांनाही चांगली विश्रांती मिळाली.

शिवाय त्या वाटेची वेळ रोज पाऊण-एक तासाने सरकते. रोज वेळ बदलणाऱ्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? हिने चंद्राचं काहीतरी समजावून सांगितलं. शाळेत सांगतात तसं, सावकाश.

१५ मे, सकाळी ८

आज नक्की. फलकावर लिहिलंय, वाट साडेसहा ते साडेदहा. माझी तयारी पूर्ण: दोन शिट्ट्या, पंधरा फूट दोरी, पट्ट्या, मलम. खुणाही ठरवल्या. एक शिट्टी म्हणजे ठीक. दोन म्हणजे संकट. तीन म्हणजे ताबडतोब परत. हिने शिट्टी गळ्यात घातली. दोरी कमरेला बांधायला साफ नकार.

सकाळी ९

पहिल्या दगडावर पाय ठेवला. दगड ओला. खरं लिहायचं तर दुसरा पाय उचलेचना. किनाऱ्यावर थांबून लक्ष ठेवायला एक माणूस हवा, असं मी हिला समजावलं. ही म्हणाली, बरं. जरा पटकनच म्हणाली. आणि निघाली.

९.२५. एक शिट्टी. पोचली.

१०.०५. मी तीन वाजवल्या. उत्तर नाही.

१०.१५. पुन्हा तीन. नाही.

१०.३०. वाट गेली. माझ्या डोळ्यांदेखत एकेक दगड बुडाला.

सकाळी ११

लाइफगार्डला गाठलं. तो म्हणाला, काका, तिथे छप्पर आहे, चहा मिळतो, काकू बसतील निवांत. संध्याकाळी सातला वाट परत उघडते. मग शिट्टीला उत्तर का नाही? तर म्हणे वारा उलटा असेल. मी त्याला बुडालेल्यांच्या सहा केसेस सांगितल्या. चौथीपासून तो दुर्बिणीतून दुसरीकडे बघायला लागला.

दुपारी १२.३०

अक्षर वाकडं येतंय. शिट्ट्या मोजणं सोडून दिलं, नुसता वाजवतोय. लोक बघतात, बघू देत. एकवीस वर्षं अपघातात गेलेल्या परक्या बायकांचे पासपोर्ट फोटो फाइलला टाचले, कधी हात हलला नाही. हिला काही झालं तर? घरी जाऊन मी दार कोणासाठी उघडू? भीती वाटतेय. फार वाटतेय.

दुपारी २.४०

पाण्यात शिरलो होतो. गुडघ्यापर्यंत गेलो, मग लाट आली आणि मी आडवा. लाइफगार्डने काखेत हात घालून ओढून काढलं. घोटा मुरगळला. त्याने फॉर्म भरला. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात लिहिलं: घाबरून पाण्यात शिरले. मी दुरुस्ती सुचवली: बचावकार्य करताना. त्याने ऐकलं नाही.

संध्याकाळी ७.४०

आली! चपला हातात घेऊन आरामात चालत आली. चांगली खरडपट्टी काढायची ठरवली होती. तोंड उघडलं आणि रडूच फुटलं, चारचौघांत. ही पाठीवरून हात फिरवत राहिली.

१६ मे, सकाळी ९

घोटा टम्म सुजलाय. चहा घेताना मोठ्या मनाने म्हणालो, वेळेचा अंदाज चुकतो कधीकधी, भूगोलवाल्यांचासुद्धा. मी मनात ठेवणार नाही.

ही म्हणाली, चुकला नव्हता. तुमची एकूण एक शिट्टी ऐकू येत होती. वाट साडेदहाला जाणार हे ठाऊक होतं, म्हणूनच मी आत बसून राहिले.

आठ तास काय केलंस, विचारलं. काही नाही म्हणाली. वर चढले. कठड्यावर वाकून खाली पाहिलं. खाली गेले, परत चढले, परत पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी दंड धरून मागे ओढलं नाही, अहो. मग डोळे पुसून म्हणाली, पण तुम्ही पाण्यात शिराल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते मात्र चुकलं माझं.

इतके दिवस इथे लिहीत आलो की ही घाबरते. घाबरत मी होतो. ही गुदमरत होती.

आज वाट सव्वाअकरापर्यंत आहे. ही पुन्हा गेली. मी कॉटवर पाय उंच करून पडलोय. जाताना विचारलं, बंद व्हायच्या आत येशील ना?

बघते म्हणाली.