मोठ्याने न करायची प्रार्थना

आकुर्डी
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. रविराज यास,

ज्योतीराममामाचा सलाम आणि आशीर्वाद. स्वप्नालीस आशीर्वाद, संस्कृतीस गोड पापा. ती आता कितवीत आहे? इकडे आम्ही दोघं ठीक. सुमनमामीची पाठदुखी चालूच असते, माझे गुडघे. जिन्यातला दिवा पुन्हा गेला आहे. सोसायटीवाल्यांना तीनदा सांगितलं, बघतो म्हणतात. तू पाहिलं होतंस तसंच सगळं आहे.

हे पाकीट आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या हाती देतो आहे. ते बुधवारी चाकणला येतात. चिकटवून वरून टेपही लावणार आहे. टेप उचकटलेली दिसली तर मला कळव. ते उघडणार नाहीत, पण पिशवीत राहील, दुसरं कुणी काढील, म्हणून जिवाला घोर.

लिहिण्याचं कारण असं. मागच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, "ज्योतीरामभाऊ, चाकणची घरसभा तुमचा भाचा घेतोय, डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपासून. तुम्ही बावीस वर्षं घरसभा चालवलीत. त्याला चार गोष्टी लिहून द्या."

मी म्हटलं, "मी सातवी शिकलेला माणूस, मी काय लिहून देणार?"

तर म्हणाले, "त्याने एक अट घातली आहे. वचन वाचू, गीतं गाऊ, पण प्रार्थनेच्या विनंत्या सभेत घेणार नाही म्हणतो. कुणी आपलं दुखणं सांगायचं नाही, कुणी दुसऱ्याचं मागायचं नाही. अहो, मग ती घरसभा कसली? शिकवणी झाली ती. तुम्ही मामा आहात, तुम्ही समजवा."

पाळकसाहेब दोन वर्षांपूर्वी आलेले. त्यांना काही ठाऊक नाही. मी मान हलवली आणि घरी आलो.

अटीविषयी खाली लिहितो. आधी बाकीचं, विसरायच्या आत.

पहिलं वेळेचं. तुझ्याकडे सगळी शिफ्टची माणसं येणार. सहा म्हणजे सहा. दोघंच आली असली तरी सुरू कर. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलास की वेळेवर येणारा पुढच्या वेळी उशिरा येतो. आणि सातला संपव. रात्रपाळीचा माणूस घड्याळाकडे बघत आमेन म्हणायला लागला की समज, पुढच्या शनिवारी तो येणार नाही. चहा शेवटी. आधी दिलास तर सभा चहाचीच होते. चपला जिन्यात पसरू देऊ नकोस, कुणी पडलं तर नसती आफत. वरच्या-खालच्या घरांना तू स्वतः जाऊन सांगून ये की शनिवारी तासभर आमच्याकडे गीतं होतील, त्रास झाला तर दार वाजवा. आमच्या खालच्या सरुबाई पहिल्या वर्षी भांडायला आल्या होत्या. आता एखाद्या शनिवारी लवकर संपलं तर जिन्यात विचारतात, "काय भाऊ, आज एवढ्यात उरकलं?"

उतारा लहान घे, दहा-बारा ओळींचा. एकाने वाचावं, मग पुस्तकं मिटून दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगावं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचायला लावू नकोस, पण सांगायला पहिलं त्यालाच लाव. त्याने कान देऊन ऐकलेलं असतं. मग तीन प्रश्न पुरेत. इथे काय घडलं? देव कसा आहे हे यातून काय कळलं? आणि सोमवारी कामावर गेल्यावर मी काय करणार?

तिसऱ्या प्रश्नाला "सर्वांवर प्रेम करणार" असं मोघम उत्तर आलं तर सोडायचं नाही. कुणावर, कधी, ते विचार. आपला मुरारी एकदा म्हणाला, "सुपरवायझरवर प्रेम करणार." मी म्हटलं, "कसं?" तर म्हणाला, "त्याच्या मागे त्याची नक्कल करणार नाही." सगळे हसले. पण दोन आठवडे त्याने खरंच केली नाही. तिसऱ्या शनिवारी दारातूनच म्हणाला, "मामा, काल झाली एकदा. पण छोटी होती." शिष्य असाच घडतो बघ, एकेक नक्कल कमी होत. मोठ्या उपदेशाने कुणी घडलेला मी पाहिला नाही. मी उपदेश पुष्कळ केला म्हणून सांगतो.

प्रश्न विचारलास की गप्प बस. मनात वीसपर्यंत मोज. मला हे कधी जमलं नाही. शांतता पडली की वाटतं काहीतरी बिघडलं. तुझी मामी म्हणायची, "प्रश्न तुमचा, उत्तर तुमचं. आम्ही काय सतरंजी उडू नये म्हणून बसलोय?"

उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण, पाळकसाहेबांना विचारून सांगतो म्हण. जुळवाजुळव करू नकोस.

आणि जो दोन शनिवार आला नाही, त्याच्या घरी जा. फोन नको. फोनवर माणूस "बरं आहे" म्हणतो. घरी जा, पाणी मागून पी, आणि का आला नाहीस हे विचारू नकोस. नुसतं बसून ये.

मी तुझ्याकडे आलो नाही. चार वर्षं झाली. आकुर्डीहून चाकणला जायला काय लागतं, दोन बस.

संस्कृती कितवीत आहे ते कळव. मामी जेवायला हाक मारते आहे. उरलेलं नंतर लिहितो.

मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर

मामी बाजारात गेली आहे. तेवढ्यात लिहितो.

रविवारी लिहिलेलं वाचून पाहिलं. संस्कृतीचं दोनदा विचारलं आहे. खोडत नाही. का ते शेवटी सांगतो.

आता तुझी अट. झालं ते तुला ठाऊक आहे, तरी सगळं लिहितो, कारण मी ते माझ्या तोंडाने कधी कबूल केलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी तुझ्या कंपनीने कंत्राटी माणसं कमी केली, त्यात तुझं काम गेलं. तू स्वप्नालीला सांगितलं नाहीस. रोज सकाळी डबा घेऊन निघायचास आणि आकुर्डी स्टेशनच्या बाकावर बसायचास. मी तुला तिथे पाहिलं. तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "मामा, दुसरं काम लागलं की मीच सांगतो तिला. तोपर्यंत तुमच्याजवळ राहू द्या." मी हो म्हटलं. तुझ्या खांद्यावर हात ठेवून हो म्हटलं.

त्याच शनिवारी शेवटच्या प्रार्थनेला सगळे डोळे मिटून बसले होते. तू माझ्या समोर, शेजारी स्वप्नाली, तिच्या मांडीवर संस्कृती पेंगलेली. मी एकेकाचं नाव घेत गेलो. तुझ्यापाशी आलो आणि म्हणालो, प्रभू, रविराजचं काम गेलं आहे, घरी खरं सांगायचं त्याला धैर्य दे.

आमेन म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. स्वप्नालीने एवढंच विचारलं, "मग डबा कुठे खात होतास रे?" तिने लेकराला खांद्यावर घेतलं आणि तुम्ही जिना उतरलात. दिवा तेव्हाही गेलेला होता. मी वरून बॅटरी धरली. तू वर पाहिलं नाहीस, आणि पुन्हा आलाही नाहीस.

त्यानंतर ज्याने ज्याने विषय काढला त्याला मी एकच सांगत आलो. मी माणसाला सांगितलं नाही, देवाला सांगितलं. देवापासून काय लपवायचं? यावर कुणाला बोलता येत नाही. तुझी मामीही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने सभेत स्वतःची विनंती कधी दिली नाही. तिची पाळी आली की म्हणते, "माझं काही नाही, पुढे घ्या." पाठ धरून बसलेली असते आणि म्हणते माझं काही नाही.

यंदा फेब्रुवारीत आम्ही वाटेवरच्या आंधळ्याची गोष्ट घेतली. तो ओरडतो, प्रभू थांबतो, त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करू. ही गोष्ट मी दहा वेळा तरी शिकवली असेल. मी प्रश्न टाकला, "आंधळा आहे हे दिसत होतं, मग विचारलं कशाला?" सवयीप्रमाणे उत्तरही मीच देणार होतो, पण मला ठसका लागला. ठसका थांबेपर्यंत चिमाबाई बोलल्या. त्या राजगुरुनगरकडच्या, लेकीकडे राहायला आल्यात, अक्षरओळख नाही. म्हणाल्या, "आता गं बया! इचारायला नगं व्हय? डोळं त्याचं हायेत. त्याचं त्यानं सांगावं. दुसऱ्यानं मधीच कशापायी सांगायचं?"

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यालो आणि पुढचा प्रश्न घेतला. पण तो ठसका अजून घशात आहे.

रविराज, त्या शनिवारी मी देवाशी बोलत नव्हतो. मी स्वप्नालीशी बोलत होतो. डोळेसुद्धा पुरते मिटले नव्हते, तिचा चेहरा दिसावा म्हणून किलकिले ठेवले होते. तू बायकोला फसवतो आहेस असं मला वाटत होतं. ते तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून प्रार्थनेच्या आड उभा राहून सांगितलं. आणि आणखी एक होतं. सभेला कळावं की रविराज मामाला सगळं सांगतो, मामाला सगळं ठाऊक असतं. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

माझं चुकलं. मला क्षमा कर. स्वप्नालीलाही हे दाखव, तिच्याबाबतीतही माझं चुकलं आहे.

तरी तुला एक सांगतो, पाळकसाहेबांनी सांगितलं म्हणून नाही. विनंत्या बंद करू नकोस. तुझ्या सभेत कुणीतरी असा बसलेला असेल की ज्याचा डबा रोज कुठल्यातरी बाकावर संपतो आहे. तू विचारलंच नाहीस तर तो बाकावरच राहील. फक्त एवढं पाळ. प्रत्येकाला विचार, काय मागू? तो सांगेल तेवढंच माग, एक शब्द जास्त नको. काही नाही म्हणाला तर नुसतं नाव घे आणि पुढे जा. बाजूला घेऊन सांगितलेलं बाजूलाच राहू दे, त्याने स्वतः सभेत आणेपर्यंत. आणि कुणी चोरून काही करत असेल, ते बोलायलाच हवं असेल, तर त्याला एकट्याला गाठून त्याच्या डोळ्यांकडे बघून बोल. भीती वाटली तरी तसंच. प्रार्थनेत टोमणे मारायचे नाहीत.

आता माझी विनंती.

ऑगस्टपासून मी दवाखान्यात जातो. मामीला पेन्शनचं काम आहे म्हणून सांगतो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर घड्याळ काढायला लावलं. मी तीस वर्षं भोंग्यावर कामाला गेलेला माणूस, पण आकडे सगळे एका बाजूलाच गोळा झाले. त्या म्हणाल्या, विसरणं वाढत जाईल. पुढे पुढे काय बोलावं, कुणासमोर बोलावं, याचं भानही कमी होऊ शकतं. गोळ्या दिल्या आहेत. गुडघ्याच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवतो, म्हणजे मामीला कळत नाही.

विसरण्याची मला तेवढी भीती नाही. भीती दुसरीच आहे. बावीस वर्षांत माणसांनी मला काय काय सांगितलंय. कुणाचं दारूचं, कुणाचं लग्नाआधीचं, कुणाच्या लेकराचं. तुझ्यानंतर त्यातला एक शब्द मी बाहेर जाऊ दिला नाही. ते सगळं माझ्या पोटात आहे, आणि दाराची कडी सैल होत चालली आहे. मागच्या महिन्यात मुरारीची बायको समोर बसली होती आणि एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. म्हणून नाताळानंतर मी इथली सभा सोडतो आहे. सगळ्यांना गुडघे सांगितले आहेत.

सभेशिवाय शनिवार मला जायचा नाही. पण आकुर्डीत मी बसू शकत नाही, समोर सगळी तीच माणसं. चाकणला मला कुणाचंच काही ठाऊक नाही. तुझं एक होतं, ते मी सांगून बसलोच आहे.

म्हणून विचारतो. मी आणि मामी तुझ्या सभेला आलो तर चालेल का? मला काही चालवायचं नाही, वाचायचं नाही. तुझ्या शेजारी बसव. मी मध्येच भलतं बोलू लागलो तर गीत सुरू कर, कुठलंही. मामा आहे म्हणून थांबू नकोस, वाक्य पुरं होऊ देऊ नकोस. आवाज चढव. बाकीचे साथ देतील. मीही देईन, गीतं मला अजून पाठ आहेत.

मामीला मी स्वतः सांगणार आहे, या शनिवारच्या आत. तोपर्यंत तुझ्याजवळ राहू दे. स्वप्नालीपासून काही लपवायला मात्र मी तुला सांगत नाही, ते एकदा पुरे झालं. पाळकसाहेबांनी विचारलं तर गुडघे म्हण.

"या" किंवा "येऊ नका", एवढीच एक ओळ पाठव. येऊ नका म्हणालास तरी मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुला कळू देणार नाही. आणि माझ्यासाठी कधी मागितलंस, तर नुसतं नाव घे.

जिन्यात मामीची चाहूल लागली. पाकीट चिकटवतो.

तू जवळ ठेवायला दिलेलं ज्याला ठेवता आलं नाही, तो तुझा
ज्योतीराममामा