कंट्रोलर रोज कोणाकडे जातो?

शांती नगर, मीरा रोड
रविवार, दुपार

आदरणीय साडूभाऊ शशिकांतराव यांस,
नानासाहेबाचा सप्रेम जय भीम.

तुमची शुगर, मंदाताईंचे गुडघे आणि परभणीच्या घराची गळकी गच्ची ही तिन्ही आता आटोक्यात आली असतील असं धरून चालतो. आमच्याकडे सर्व ठीक आहे असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. पुढे वाचलंत की ते तसं नाही हे कळेलच. फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर एक तर मंदाताई शेजारी असतात आणि तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. दुसरं म्हणजे हल्ली घरात अशा वस्तू आल्या आहेत की त्यांच्यादेखत मी काही महत्त्वाचं बोलत नाही. त्यातली एक तुमच्याच घरातून आलेली आहे.

होय, मी लोकेशने पाठवलेल्या डबीबद्दल बोलतोय. मुलगा गुणी आहे, मावशीवर त्याचा जीव आहे, हे सगळं मान्य. पण न मागता आलेल्या वस्तूबद्दल मला आधीपासून शंका असते. उभी हयात एसटीत तिकिटं तपासण्यात गेली. सीटखाली बेवारस डबा दिसला की आम्ही हात लावत नसू, आणि इथे तर तो डबा माझ्याच नावाने कुरिअरने आला. आकार साबणाच्या वडीएवढा. लोकेश म्हणतो हा पूर्ण कॉम्प्युटर आहे. आमच्या डेपोत पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली दिली होती, आणि हा माझ्या शर्टाच्या खिशात मावतो. मग बाकीचा भाग कुठे गेला? (विचारलं तर लोकेश हसला. प्रश्नाला हसून उत्तर देणाऱ्या उतारूला मी नेहमी दुसऱ्यांदा तिकीट विचारत असे.)

कारण मात्र चांगलं होतं. वैजयंता न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं हे तुम्हाला माहीत आहे. प्लास्टर निघालं, पण बोटं काही नीट मिटेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो तिने जरासा दाबला, "हे काय लेकरांचं" म्हणून खिडकीत ठेवला, आणि कबुतरांनी तो खाली पाडला (असं ती सांगते; कबुतरांची साक्ष मला घेता आली नाही). लोकेशचं म्हणणं, मावशीला खेळ द्या, खेळता खेळता बोटं आपोआप हलतील. ती डबी टीव्हीला जोडायची, पडद्यावर विटांची भिंत येते, आणि हातातल्या कंट्रोलरची बटणं दाबून चेंडूने ती भिंत पाडायची. कंट्रोलरला वायर नाही. इथेच मी सावध झालो. वायर असली की निदान ती धरून धरून दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघता येतं.

आता हा कंट्रोलर आणि ती डबी यांची आधी ओळख करून द्यावी लागते. कंट्रोलरची दोन बटणं एकदम दाबून धरली की त्याचा निळा दिवा लुकलुकायला लागतो, आणि डबी आसपासच्या सगळ्या वस्तूंची हजेरी घेऊन नावं पडद्यावर दाखवते. साडूभाऊ, ती यादी बघून मी खुर्चीत बसलो. कोणाचे कानात घालायचे बोंडुले, कोणाचं घड्याळ, कोणाचं वॉशिंग मशीन, आणि ठळक अक्षरांत "दिपेश हॉल टीव्ही". म्हणजे भिंतीपलीकडच्या माणसाचा टीव्ही माझ्या घरात हजर! त्या गर्दीतून आमचा कंट्रोलर मी शोधून काढला, त्यावर बटण दाबलं, तर डबीने इंग्रजीत विचारलं, या वस्तूवर विश्वास ठेवायचा का? हो की नाही?

मी अर्थातच "नाही" दाबलं. तुम्ही काय केलं असतं? वस्तू कालच घरात आलेली, कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, आणि लगेच विश्वास? मंडळी लग्न जमवतानासुद्धा चार ठिकाणी चौकशी करतात. पण मी "नाही" म्हटलं की डबी रुसायची, ओळख विसरायची, आणि पुन्हा पहिल्यापासून दोन बटणं, दिवा, हजेरी. असं बरंच झाल्यावर लोकेशला फोन लावला. तो बिचारा ऑफिसात होता. "काका, ट्रस्ट करा ना हो," तो म्हणाला. "तुम्ही विश्वासच ठेवला नाही तर तो पुन्हा कसा जोडला जाणार?" त्याच्या मागे कोणीतरी हसलं. अखेर वैजयंता म्हणाली, "अहो, एकदा हो म्हणून बघा. काय होतंय?" मी मन घट्ट करून "हो" दाबलं, आणि लगेच विटांची भिंत आली. वैजयंताने एका बोटाने, आई गं, मेले गं करत, तिच्यातल्या थोड्या विटा पाडल्या. मला बरं वाटलं. इतकं, की दुपारी मी भाकरीबरोबर झुणकाही केला. (स्वयंपाक सध्या माझ्याकडे आहे. भाकरीच्या कडा फुटतात, पण प्रगती आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाला बसवलं, तर काही नाही. कंट्रोलर सुरू केला, दिवा लुकलुकला, मग चक्क स्थिर झाला, आणि पडद्यावर चेंडू जागचा हलेना. पुन्हा ओळख, पुन्हा विश्वास, मग चाललं. तिसऱ्या दिवशी तेच. मग रोजच तेच. मी लोकेशला विचारलं तर तो म्हणाला, "काका, दिवा स्थिर आहे ना? म्हणजे तो जोडला गेलाय. फक्त आपल्या डबीला नाही, दुसऱ्या कशाला तरी."

दुसऱ्या कशाला तरी! पोरगं सहज बोलून गेलं, पण माझ्या अंगात तिकीट तपासणीचा जुना स्क्वाड जागा झाला. ओळख मी करून द्यायची, विश्वास मी ठेवायचा, आणि हा माझ्या घरात बसून भलत्याच घरी काम करणार. भलतं घर कोणतं हे शोधायला मला वेळ लागला नाही. यादीत एकच नाव ठळक होतं.

दिपेश म्हणजे शेजारच्या दाराचा मुलगा. मूळचे रत्नागिरीकडचे. तो हाटकेशला एका कारखान्यात मशीनवर असतो, बायको मिनल घरून कॉम्प्युटरवर काम करते. माणसं बरी वाटत होती, पण बरी वाटणारी माणसंच मला जास्त सापडलेली आहेत. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी कंट्रोलर घेऊन त्यांच्या हॉलमध्ये गेलो आणि त्यांच्या टीव्हीसमोर उभा राहून एकूण एक बटण दाबलं. टीव्हीवर कोणी बाई वांग्याचं भरीत करत होती. ती करतच राहिली. दिपेश म्हणाला, "काका, तुमचा कंट्रोलर मी कशाला खेचू? मला टीव्ही बघायला टाइम कुठाय?" त्याच्या तोंडावर राग नव्हता, पण हसू आवरल्यासारखं काहीतरी होतं. मिनल तर मला बघताच चहा टाकते म्हणून आत पळाली. मी चहा नको म्हणत होतो तरी. मी मनाशी नोंद केली: नवरा हसतो, बायको पळते. गुन्हा इथेच आहे.

पुरावा नसल्याने मी त्याचं नाव न घेता सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश टाकला: "काही सभासद दुसऱ्याच्या हक्काची गोष्ट गुपचूप आपल्या घराकडे ओढून घेत आहेत. वेळीच थांबावे, अन्यथा नावे जाहीर करू." माझा रोख स्पष्ट होता. पण सगळ्यांना वाटलं मी पाण्याबद्दल बोलतोय. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर हिंदी, गुजराती, मराठीत तुंबळ युद्ध झालं, आणि तळमजल्यावरच्या दोन घरांनी नळाला लावलेल्या मोटरी आपण होऊन काढल्या. आता लोक मला जिन्यात थांबवून "अंकल, आपने अच्छा किया" म्हणतात. पाण्याचा जोर वाढला, पण कंट्रोलर होता तसाच.

मग मी तो रोज व्यायाम झाला की लोखंडी कपाटात बंद करून ठेवायला लागलो. तरी सकाळी तेच. कपाटाची किल्ली वैजयंताच्या कमरेला असते, पण तिला मी संशयितांतून पहिल्याच दिवशी वगळलं होतं. जिला कंट्रोलरचं बटण दाबताना आई आठवते, ती किल्ली काय फिरवणार?

मागच्या बुधवारी मी अखेर जुना उपाय केला. गोडदेवला मित्राकडे जातो, यायला उशीर होईल, असं सांगून निघालो. नाक्यावरून रिक्षा केली, वळणावर सोडली, आणि मागच्या गेटने परत आलो. (आमच्या स्क्वाडची जीपही अशीच वळणापलीकडे उभी असे.) दाराला लॅचची किल्ली आवाज न करता लावली. चपला हातात घेतल्या. आतल्या खोलीतून मिनलचा आवाज आला, "काकी, डावीकडे! डावीकडे घाट आहे!"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. पलंगावर वैजयंता मांडी घालून बसलेली. समोर डब्याला टेकून तिचा फोन उभा केलेला. हातात तो कंट्रोलर. फोनच्या पडद्यावर एक बस घाटातून चाललेली, आणि ती बस माझी बायको चालवत होती. साडूभाऊ, तिची दहाच्या दहा बोटं अशी पळत होती की मी डोळे चोळले. हे मनगट मोडलं होतं असं सांगून कोणाला पटलं नसतं. (वळणावर हॉर्न दिला नाही, तेवढी चूक.) म्हणजे रोज दुपारी मी जरा लवंडलो की कंट्रोलरची ओळख फोनशी, आणि सकाळी पुन्हा आई गं, मेले गं.

माझं तोंड उघडलंच होतं. आयुष्यात इतका मोठा विनातिकीट उतारू मला सापडला नव्हता. तेवढ्यात मिनल म्हणाली, "काकी, हात तर मस्त बरा झालाय. काकांना सांगा ना आता. ते उगाच दिपेशवर डाऊट घेतायत."

वैजयंता बस चालवता चालवताच म्हणाली, "सांगितलं की दुसऱ्या दिवशी परात माझ्याकडं येती. लग्न झाल्यापासून सगळ्यांना वाढून मी शेवटी बसले गं. गरम भाकरी कशी लागती ते मला ठाऊकच नव्हतं. यांच्या भाकरीच्या कडा फुटतात, मधी कच्ची राहती, पण तव्यावरून थेट माझ्या ताटात पडती. अजून थोडे दिवस खाऊ दे मला."

मी चपला हातात घेऊनच खाली उतरलो. गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसलो. त्याने विचारलं, "अंकल, चाबी भूल गये क्या?" मी हो म्हटलं. एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं हो की ती काय खाते, गरम की गार. ड्युटीवरून आलो, ताट समोर आलं, जेवलो. मागून स्वयंपाकघरात कोण बसतंय हे कधी तपासलं नाही. बऱ्याच वेळाने वर गेलो, बेल दाबून धरली, आणि जिन्यातूनच मोठ्याने खोकलो. वैजयंताने डाव्या हाताने दार उघडलं. संध्याकाळी ज्वारीचं पीठ जरा जास्त मळलं.

दिपेशची मात्र मी जिन्यात गाठून माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे काका. मिनलने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काकींचं सीक्रेट होतं, म्हणून आपण चोर झालो." साडूभाऊ, त्या पोराच्या जागी मी असतो तर पहिल्या मिनिटाला नाव सांगून मोकळा झालो असतो.

तर सध्या असं आहे. रोज सकाळी मी दोन बटणं दाबतो, दिवा लुकलुकवतो, "विश्वास ठेवायचा का" ला "हो" म्हणतो, आणि आज पुन्हा कसा बिघडला कोण जाणे, असं मोठ्याने म्हणतो. ती एका बोटाने विटा पाडते. मी तिची प्रगती बघून डॉक्टरांचं कौतुक करतो. लोकेशची डबी आणि लोकेश दोघेही निर्दोष सुटले, हे त्याला कळवावं.

मंदाताईंना जय भीम सांगावा. तब्येतीस जपावं, गोड कमी खावं.

आपला,
नानासाहेब

ता. क. : मूळ काम राहिलंच. लोकेशला सांगून आणखी एक कंट्रोलर पाठवा. तो वैजयंताच्या फोनला कायमचा राहील. तिला मी सांगेन, एकावर एक फुकट आला. मंदाताईंना यातलं अक्षर सांगू नका, बहिणी बहिणी रोज बोलतात.

दुसरा ता. क. : भाकरीच्या कडा फुटू नयेत म्हणून पाणी किती गरम घ्यायचं, हे मंदाताईंकडून तुमच्या नावाने विचारून कळवा.

तिसरा ता. क. : पाकीट वैजयंता पोस्टात टाकणार आहे. मी ते खळ लावून नीट चिकटवलंय. तुमच्याकडे पोचल्यावर कोणी उघडल्याची खूण दिसते का, ते न विसरता कळवा.

भाऊजी, जय भीम. उघडलं होतं. वाफेवर धरलं, लगेच सुटलं. यांना सांगू नका. मंदाक्काला सगळं पहिल्यापासून माहीत आहे, तुम्ही तिच्यापुढं उगीच गप्प बसू नका, तिला हसू येतं. आणि पाणी उकळतंच घ्यायचं असतं, पण त्यांना जरा उशिरा कळवा. त्या दिवशी दाराच्या फटीत हातात चपला घेऊन उभे होते ते मला आरशात दिसले होते. दिसले, म्हणून तर मोठ्यानं बोलले. तोंडावर सांगायचं मला इतक्या वर्षांत कधी जमलं नसतं.
— वैजयंता