चिमणीचा दिवा आणि एक हुंकार

अमरावती, पौष महिना

तीर्थरूप मायच्या पायांवर सूर्यभानचा माथा.

मी खुशाल आहे, खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे आहेत? काळी गाय व्याली का?

बाप्तिस्म्याला वर्ष झाले. रोज कापसाच्या बाजारात मी गरजून प्रभूचे वचन सांगतो. परवा जानराव गाडीवान म्हणाला, "पादरीबुवा, तुमचा देव बैलाले सरकीची ढेप देते काय?" सगळे हसले, मीही हसलो.

मग बाजारातल्या पोरांना गोष्ट सांगायला घेतली. चोचीत दिवा धरून चिमणी सात काळी राने ओलांडते. दर रानात राक्षस म्हणतो, दिवा टाक, तुला सोडतो. ती टाकत नाही. तिला दिसत नाही, पण मागून एक मेंढपाळ ज्योतीला हाताचा आडोसा धरून चालतो आहे.

ऐकणाऱ्याचा हुंकार थांबला की गोष्ट थांबवायची, हे तूच शिकवलेस. पाचव्या रानात हुंकार ऐकू येईना, म्हणून मी थांबलो. तेव्हा माळणीची जमुना रागावली, "थांबून काहून राहिले? मी हूं म्हणून राहिली ना!" माझ्याच आवाजात मला तो ऐकू आला नव्हता.

माय, तीन पत्रांना तुझे उत्तर नाही. बाबा माझे नावही घेऊ देत नसतील. शेजारचा देवीदास हे वाचून दाखवील तेव्हा काही बोलू नकोस. चूल फुंकताना एकदा हूं म्हण. मी गोष्ट थांबवणार नाही.

नाव न बदललेला तुझा,
सूर्यभान