अडलेली ओळ

पुणे, भवानी पेठ
भाद्रपद वद्य पंचमी, शके १७१६

इजाबेलबाय,

धाकट्या कतरीनचा तुला नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही इथे बरे आहोत, वसईस तुम्हीही सगळे बरे असाल. इतक्या दिवसांनी बहिणीचं पत्र म्हटल्यावर तुझ्या मनात आधी येईल, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. मी सांगते आहे आणि माझे यजमान लिहीत आहेत, तेव्हा अक्षर चांगलं असेल. मजकूर माझा आहे, तो सोसून घे.

पुण्यात सध्या फौजेच्या तयारीची धांदल आहे. दसऱ्याला स्वारी निघायची म्हणून राहुट्या शिवून घेणाऱ्यांची आमच्या दारी रीघ लागली आहे. ओसरीवर शिंपी, आत मी, आणि मरियेच्या तसबिरीखाली दोरांची वेटोळी. घरात माणसांपेक्षा कापड जास्त.

तू नेहमी विचारायचीस, प्रार्थना करतेस की नाही. करत होते गं. टाके घालता घालता, भात वेळता वेळता. देवाला चालत असेल, मला चालेना. म्हणून यंदा ठरवलं, दिवेलागणीला सुई खाली ठेवायची आणि तसबिरीपुढे स्वस्थ बसायचं.

आता इथली गंमत ऐक. पुण्यात देवाला बसलेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही. अंगावर सोवळं असलं, की भला सरदार आला तरी बाहेर थांबतो. पण मला ना सोवळं, ना घंटा, ना फुलं. डोळे मिटून बसलेली बाई बघून लोकांना वाटे, ही रिकामीच आहे. शेजारी तेलाचा घाणा आहे, तिथल्या मथुराबाईंनी तर एकदा मेथीची जुडीच माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "बसल्या बसल्या निवडा." मी म्हटलं, "अहो, मी देवाशी बोलत होते." त्यांनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "अगं बया! आधी न्हाई का सांगायचं?" तेव्हापासून त्या वेळेला त्या स्वतःच माझ्या उंबऱ्यात येऊन बसतात. त्यांना ओलांडून आत यायची कोणाची टाप नाही.

असा वेळ मिळाला, आणि पंचाईत झाली. घाईत असताना प्रभूने शिकवलेली प्रार्थना मी एका दमात म्हणून मोकळी व्हायचे. सावकाश म्हणू लागले आणि एका ओळीवर अडले. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हांला कर, असं म्हणायचं असतं. तिथे आले, की समोर तू दिसायचीस.

(इथे यजमान लेखणी थांबवून माझ्याकडे बघत आहेत. लिहा म्हटलं.)

आईला मूठमाती दिलीस आणि मग मला निरोप धाडलास. मीठ घेऊन आलेल्या बैलवाल्याने दारात उभ्या उभ्या सांगितलं, मी हातात कात्री घेऊन तशीच ऐकत राहिले. भर पावसात घाट उतरून मी वेळेवर पोचले नसते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळलं म्हणून राग जातो थोडाच? तेव्हापासून तुला अक्षरही धाडलं नाही. खरं सांगते, त्या ओळीपाशी कोणी हाक मारली, की मला बरंच वाटायचं. काम आलं, की ती ओळ टळायची.

परवा नेमकी तिथेच अडून बसले होते आणि ज्यांच्या राहुट्या शिवतो आहोत त्या सरदारांकडचे कारकून यज्ञेश्वरपंत आले. दारातूनच म्हणाले, "राहुट्या झाल्या नसतील तर काम दुसरीकडे नेतो. बाई तर निवांत बसलेल्या दिसतात." यजमान बाजारात गेलेले. ओसरीवरच्या शिंप्यांची पोटं त्या कामावर. उठावंसं फार वाटलं. त्यातही कामाच्या काळजीपेक्षा त्या ओळीतून सुटायची ओढ जास्त होती, हे माझं मला उमगलं. नाही उठले.

मथुराबाई उभ्या राहिल्या. "पंत, त्या देवाला बसल्यात."

"घंटा नाही, सोवळं नाही. आम्हांला कळायचं कसं?"

"म्या सांगितलं न्हवं, आता कळलं. तुमी संध्येला बसल्यावर आमी हाका मारतो का? टेका तिथं."

आणि पंत टेकले! कापडाच्या गठ्ठ्यावर.

आत मी तुझं नाव घेतलं. इजाबेलला क्षमा, असं मोठ्याने म्हटलं. आधी दात आवळून, मग रडत, मग नीट. मग ती ओळ सबंध म्हटली आणि पार आमेनपर्यंत गेले. बाय, मी जिंकले! फौज अजून पुण्यातच आहे, आणि मी जिंकून आले.

बाहेर आले तर पंत म्हणाले, "झाली का भेट?"

"झाली. फार दिवसांनी."

"उत्तम. आता राहुट्यांचीही भेट घ्या." काम आमच्याकडेच राहिलं.

तूही माझ्या रागाला भिऊनच मला काही कळवत नसशील. आता भिऊ नकोस. स्वारी मार्गी लागली, की मी घाट उतरून येते. आईच्या मातीपाशी आपण दोघी बसू आणि ती प्रार्थना मिळून म्हणू, सावकाश. तुलाही माझ्या नावापाशी अडायला होत असेल, तर मी शेजारी असेन.

मनात तुझ्याविषयी आता काही न उरलेली, मायेखेरीज,
तुझी
कतरीन