न जळालेली काथवट

प्रिय रंधाबाई,

हे नाव तुला मीच ठेवलं होतं. सुताराची लेक, आणि जीभ अशी की समोरच्याचं सालटं निघावं. तुझं आणि माझ्या मुलाचं फिसकटून तू हे घर सोडलंस त्याला सहा वर्षं झाली, तोही आता दुसऱ्या गावी राहतो. पण तुला दुसऱ्या नावाने पत्र लिहिता येईना. चार कागद फुकट गेले.

सोबतच्या खोक्यात तुझ्या वडिलांनी लग्नात करून दिलेली, कणीक मळायची लाकडी काथवट आहे. तीच, जी चिरली म्हणून जाळून टाकली असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. ती जाळली नव्हती आणि तेव्हा चिरलीही नव्हती. मी खोटं बोलले. कारण सांगते, पण आधी ती कशी सांभाळायची ते ऐक. माहीत आहे म्हणशील. पण तुझ्यामागे तिचं काय झालं ते तुला माहीत नाही.

जाळली म्हटल्यावर ती ओट्यावर कशी ठेवणार? खालच्या मजल्यावरची टेलरबाई तुझी मैत्रीण, आणि तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकली. वर्षाने काढली तर आतून पांढरी बुरशी. माझी गाळण उडाली. गरम पाणी, साबण, काथ्याने घासणं, सगळं केलं आणि गच्चीवर भर उन्हात ठेवली. दुपारी पाहते तर काठापासून बोटभर चीर. चिरली असं मी सांगितलं होतं, आणि ती खरोखर चिरली. त्या दिवशी मी जेवले नाही, एवढंच लिहिते.

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या सुताराने चिरेत लाकडाची पातळ पट्टी बसवून दिली. एवढी चांगली वस्तू कोणत्या शहाण्याने बांधून ठेवली, असं त्याने विचारलं. रोज वापरा, म्हणाला. तेव्हापासून रोज तिच्यातच कणीक मळते आहे, एकटीपुरती. मळून झालं की ओल्या फडक्याने पुसायची आणि सावलीत भिंतीला उभी टेकवायची. महिन्यातून एकदा जवसाचं तेल बोटांनी जिरवायचं. गोडंतेल नको, खवट वास येतो. तेलाचं फडकं चुरगळून टाकू नकोस, आपोआप पेट घेतं म्हणे. उलगडून बाहेर वाळू दे.

काथवटीभोवती गुंडाळलेली लिननची फडकी तुझीच, खणात राहिली होती. गार पाण्यात धुवायची, खळ घालायची नाही, सावलीत वाळवायची. आधी खरखरीत होती, आता बघ कशी झाली आहेत. ते तेल आणि हे कापड एकाच रोपाचं, हे मला साठी उलटल्यावर त्या सुताराकडून कळलं. एका फडक्यावर चहाचा डाग आहे. तो तुझ्या वेळचा. मी काढला नाही.

आता कारण. तुझे वडील गेले त्या आठवड्यात तुझा फोन आला. दोन वर्षांत पहिलाच. तू म्हणालीस, बाबांची काथवट तेवढी पाठवून द्या. बस. मी कशी आहे, गुडघा कसा आहे, काही नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या मुलीचे वडील चार दिवसांपूर्वी गेले तिने माझा गुडघा विचारावा, अशी माझी अपेक्षा होती! लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, हे जास्त वाईट.

फाडलेल्या चार कागदांत मी लिहिलं होतं की काथवट इथे आहे, येऊन घेऊन जा. तेवढ्या निमित्ताने तू आली असतीस, समोर बसली असतीस. मला ते फार हवं आहे, लपवत नाही. पण एकदा तुझी वस्तू अडवून बसले, पुन्हा नाही अडवायची. म्हणून आज खोकं बांधलं. मिळाली, एवढं कळव. माझी चौकशी नाही केलीस तरी चालेल.

तुझीच,
पूर्वी जिला आई म्हणायचीस ती