चराच्या पलीकडचं फूल

कायानी, २४ एप्रिल

प्रिय हिल्क्काताईस,

धाकट्या ओइवाचा दंडवत. (खराखुरा नव्हे. सध्या वाकता येत नाही, कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं ऐकणं सुधारलं का, की अजून सोयीपुरतंच ऐकतात?

मार्चमध्ये तू पाठवलेला तुझ्या बागेतल्या जांभळ्या फुलांचा फोटो मिळाला. फोटोच्या मागच्या बाजूला लिहिलं होतंस, "इकडे वसंत आला. तुमच्याकडे काय म्हणतो?" ताई, तुर्कूत राहून कायानीच्या माणसाला मार्चमध्ये असं विचारणं म्हणजे उपाशी माणसाला ढेकर ऐकवणं. त्या दिवशी माझ्या बागेत कमरेएवढं बर्फ होतं. सफरचंदाच्या झाडाची फक्त शेंडी वर होती आणि तीही सशाने कुरतडलेली. तरी तो फोटो मी फ्रिजवर लावला आणि रोज सकाळी त्याच्याकडे रागाने बघत कॉफी प्यायलो.

त्या रागातूनच पुढचं सगळं घडलं, म्हणून निम्मा दोष तुझा. आपल्या गावच्या साप्ताहिकात वर्षातलं पहिलं पिवळं फूल शोधून काढणाऱ्याचा फोटो छापतात, हे तुला आठवत असेलच. चराच्या काठावर पानांच्याही आधी उगवणारं तेच ते, ज्याला आपल्याकडे 'विधवेचं पान' म्हणतात. गेली अकरा वर्षं हा मान समोरच्या वेइक्कोचा आहे. त्याच्या सौनाची, म्हणजे त्या वाफेच्या न्हाणीघराची, भिंत दक्षिणेला आहे, तिच्या पायथ्याशी जमीन कोमट राहते, फूल आपोआप येतं. त्यात त्याचं कर्तृत्व एवढंच की तो आठवड्यातून दोनदा आंघोळ करतो. पण फोटोत असा उभा राहतो, जणू ते फूल त्याने नऊ महिने पोटात वाढवलंय.

यंदा मी ठरवलं, बस्स झालं. हिवाळाभर साठवलेली सौनाच्या चुलीची राख काढली आणि चराच्या काठच्या बर्फावर पसरायला घेतली. काळी राख ऊन धरते, बर्फ लवकर वितळतं, हे बाबांनीच शिकवलेलं. बाबांनी वाऱ्याबद्दल मात्र काही शिकवलं नव्हतं. चौथी बादली उपडी केली आणि तळ्याकडून असा झोत आला की सगळी राख उठली, चर ओलांडून गेली आणि शेजारच्या त्यूनेबाईंच्या सहा पांढऱ्याशुभ्र चादरींवर जाऊन बसली. (त्यूने म्हणजे लाउरीची बायको. लाउरी जाऊन आता तीन वर्षं होतील. तुझ्या लग्नात अकॉर्डियन वाजवत होता तोच.)

बाई बाहेर आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकेका चादरीकडे बघत शेवटपर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "अहो ओइवा, वैर माझ्याशी आहे की स्वच्छतेशी?"

मी घाबरून खुलासा करायला गेलो. म्हटलं, विधवेचं पान लवकर उगवावं म्हणून चाललंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चराची खोली कमी वाटली. "कुठल्या विधवेचं?" एवढंच विचारलं आणि चादरी माझ्या हातात कोंबून आत गेल्या.

तीन दिवस मी त्या सहा चादरी सौनात धूत होतो. राख आणि साबण यांचं जे काही होतं ते चौकटीत लावून ठेवण्यासारखं होतं, चादर म्हणून पांघरण्यासारखं नव्हतं. बंबभर गरम पाणी घ्यायचं, घासायचं आणि काळं पाणी चराकडे नेऊन भिरकावायचं. आउने गेल्यापासून, म्हणजे मी विधुर झाल्यापासून, चार वर्षांत माझ्या घरात एवढे कपडे धुतले गेले नव्हते. चौथ्या दिवशी चादरी घड्या घालून नेऊन दिल्या. बाईंनी एक उलगडून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "करड्या रंगाचीही एक मजा असते."

त्यानंतर शहाण्या माणसाने घरात बसायचं. मी आठवड्याने लाकडांच्या शेडच्या छपरावर चढलो. तिथलं बर्फ चराच्या काठावर सावली धरतंय, असं माझ्या मनाने घेतलं होतं. फावडं मारलं मात्र, सगळं छप्परभर बर्फ एका तुकड्यात निघालं आणि त्यावर बसून मीही निघालो. थांबलो तेव्हा चरातल्या बर्फात कमरेपर्यंत रुतलो होतो, एक बूट कुठेतरी खोल गेला होता आणि पाठीतून कळ येत होती. समोर वेइक्को अंगणात उभा होता. त्याने हात केला. मीही केला. आमच्यातलं या हिवाळ्यातलं हे सगळ्यांत मोठं संभाषण. मग तो आत गेला.

आणि तेव्हा ते दिसलं. नाकापासून हातभर अंतरावर, ओल्या काळ्या मातीत, करंगळीएवढं पिवळंधमक. मी भिरकावलेल्या गरम पाण्याने तेवढीच हात-दोन हात जमीन मोकळी झाली होती. अकरा वर्षांनी, ताई! फक्त ते चराच्या पलीकडे होतं. त्यूनेबाईंच्या हद्दीत.

तुला खरं सांगतो, हात पुढे गेला होता. मातीच्या गोळ्यासकट उचललं असतं तर अलीकडे आलं असतं आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. बोटं मातीला लागलीसुद्धा. मग काय झालं कोण जाणे. आउने शेवटच्या वर्षी खिडकीशी खुर्ची टाकून याच चराकडे बघत बसायची. मी हात मागे घेतला आणि हाक मारली, "त्यूनेबाई, तुमच्याकडे फूल आलंय!"

त्या फावडं घेऊन धावत आल्या. "अहो, जिवंत आहात ना? फुलाचं काय घेऊन बसलात!" मला उपसून काढलं, बूटही काढला, बर्फ वाहायची गाडी उपडी करून तिच्यावर बसवलं आणि घरातून कॉफीचा थर्मास आणला. मग माझ्या शेजारी बसल्या. झाकणात कॉफी ओतून माझ्या हातात दिली. छपरावरून पाणी ठिबकत होतं. मग म्हणाल्या, "कळवायचं ना पेपरला?"

मी म्हणालो, "नको."

का म्हणालो, विचारू नकोस. फोटोवाला आला असता, गाव आलं असतं, वेइक्को तर पट्टी घेऊन आला असता. त्या गाडीवर दोघांपुरतीच जागा होती.

तिसऱ्या दिवशी वेइक्कोला त्याचं फूल सापडलं. सलग बारावं वर्ष. मी जाऊन अभिनंदन केलं, तर त्याने बायकोला बोलावून माझा ताप बघायला लावला.

बाकी सर्व ठीक. पाठ सुधारते आहे. भावोजींना नमस्कार सांग (मोठ्याने).

तुझा,
ओइवा

ता. क. फूल अजून आहे. आम्ही रोज अकराच्या सुमारास बघायला जातो. केवळ देखरेखीसाठी.

ता. क. २. खरं तर एक काम होतं, त्यासाठीच हे पत्र. एक मे रोजी सभागृहात जेवण आहे आणि जोडीने जायची पद्धत आहे. तू त्यूनेबाईंना फोन करून, सहज, हवापाण्याचं बोलता बोलता विचारशील का, की त्या माझ्याबरोबर येतील का? मी चारदा विचारायला गेलो आणि चारही वेळा खतांबद्दल बोलून परत आलो. माझं नाव यात येऊ देऊ नकोस.

ता. क. ३. पाठीमुळे मला टपालपेटीपर्यंत चालवत नाही, म्हणून पत्र टाकायला त्यूनेबाईंकडेच देतो आहे. त्या दुकानाकडे निघाल्याच आहेत.

हिल्क्काताई, नमस्कार. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. तुमच्या भावाला एवढंही जमत नाही. ते फूल मी त्याच्या चार दिवस आधीच पाहिलं होतं आणि कधी एकदा याला दिसतंय म्हणून खिडकीतून वाट बघत होते. छपरावरून येईल असं वाटलं नव्हतं. जेवणाला मी येते आहे. पण त्याला एवढ्यात कळवू नका. खतांबद्दल तो फार छान बोलतो.
— त्यूने