आईला पुरतील इतके पैसे

२ फेब्रुवारी १९९८
मालक म्हणाले, मे अखेरपर्यंत लग्नपत्रिका आहेत, तोवर ये. जूनपासून कॉम्प्युटर. अक्षरांचे खिळे जुळवणारा नको! सात वर्षे झाली या छापखान्यात. आठवीतून शाळा सुटली, पण माझ्या पत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक कुणी दाखवावी!
घरी सांगितले नाही. आई गल्लीभर सांगत असते — "आमचा समाधान सावलीत बसून काम करतो."

९ फेब्रुवारी
आईची कंबर पुन्हा धरली. बावीस वर्षे पहाटे चारला उठून नगरपालिकेचे रस्ते झाडते. आज म्हणाली, "बास झालं. पेन्शन घेते. उजाडल्यावर उठायचं, चा पिऊन पुन्यांदा लवंडायचं." किती मिळेल विचारले. "अकराशे. रग्गड हाय की!"
रग्गड!

१० फेब्रुवारी
भाडे ३००. किराणा ७५०. आईचे औषध १८०. रॉकेल, वीज ११०. एकूण १३४०. यात कपडे नाहीत, सणसरला मामाकडे जायचे एस.टी.चे पैसे नाहीत. दरवर्षी महागाई. आई अजून वीस वर्षे जगली तर? — जगू दे! तीनदा मांडले. २४० कमीच.

११ फेब्रुवारी
हिशेब वाचून दाखवला. आई हसली! "आरं, तुझं नऊशे कुठं गेलं? धरायला इसरलास व्हय?"
लग्नासाठी साठवायचेत म्हणालो.
"मग साठव की. आदी पोरगी तर बघू दे!"

२४ फेब्रुवारी
जोतीराम भेटला. गेल्या वर्षी वडिलांच्या जागी पालिकेत लागला. सफाईच्या कामावरचा माणूस मुदतीआधी निवृत्त झाला तर जागा वारसाला मिळते. अर्जात वारसाचे नाव मात्र हवे. "घाल की लेका नाव! पक्की नोकरी, म्हातारपणी पेन्शन. खिळं चावून पोट भरतंय व्हय?"
तो पगार धरला तर आईला खरोखर रग्गड होईल. दोनदा तपासले.

३ मार्च
आईला म्हणालो, तुझ्या जागी मी लागतो. तिने ताट सरकवले. "मी रस्त्यावर हुबी ऱ्हायले ती कशापायी? सावली सोडून उन्हात येतोस व्हय?"
तेव्हाच सांगायला हवे होते. तोंडापर्यंत आले. तेवढ्यात शेजारची फुलाबाई लेकीची पत्रिका घेऊन आली — "तुमच्या समाधाननं छापलीय, बगा अक्काबाई!" आई ती पत्रिका उलटसुलट करून पाहत बसली. तिला वाचता येत नाही.

१७ मार्च
भांडण. तीच वाक्ये! चिडून म्हणालो, मग नकोच घेऊस पेन्शन. "कंबर तुझी न्हाय," म्हणाली.

१८ मार्च
रविवारी सांगतो. नक्की.

२२ मार्च
नाही सांगितले. आईने मटण आणले होते. कशाबद्दल, ते विचारलेही नाही. इतकी खुशीत होती की जेवताना तोंड उघडवेना.

२३ मार्च
पालिकेत गेलो. आईचा अर्ज शुक्रवारीच पुढे गेला. कारकुनाने नक्कल दाखवली. वारस — निरंक. खाली अंगठा.
"दोनदा विचारलं मी बाईंना. म्हणाल्या, पोरगा छापखान्यात पक्का हाय."